तीन जागचा नमुना

अण्णारावांनी चाळीस वर्षं कळंबच्या बाजारात एका आडत दुकानावर माल बघण्याचं काम केलं. माल बघायचा म्हणजे नुसता मुठीत घेऊन फुंकर मारायची नाही. हातभर लांबीची एक पोलादी नळी असते, टोकाला अणकुचीदार आणि बाजूनं खाच पाडलेली. ती पोत्यात खुपसली की आतलं धान्य खाचेतून नळीत उतरतं आणि बाहेर तळहातावर सांडतं. नवा माणूस पोत्याच्या तोंडाशी एकदा नळी खुपसतो आणि हरभरा चांगला आहे म्हणून मोकळा होतो. अण्णाराव तीन जागी खुपसत. तोंडाशी, मध्ये आणि बुडाशी. तोंडाशी टपोरा दाणा आणि बुडाला किडका, अशी पोती त्यांनी आयुष्यात इतकी बघितली होती की सरळ पोतंच त्यांना संशयास्पद वाटे.

नळी खुपसताना माल आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, हाही त्यांचा एक नियम होता. तो शेतकरी बिचारा हात मागं बांधून उभा असे. त्याच्याकडं बघितलं की आपला हात ढिला पडतो.

काम सुटलं तरी हात सुटला नाही. घरी आलेल्या दुधात ते बोट बुडवून बघत. चहाची पुडी फोडल्यावर आधी नाकाला लावत. एसटीचं तिकीट दोनदा वाचून मगच खिशात ठेवत. कोंडाबाई म्हणायच्या, "लग्नात ह्यांनी माझ्या गळ्यात हार घालायच्या आधी त्यो बी उलटा करून बघितला व्हता. माजं नशीब म्हणून एकाच जागी बघितला."

सून घरात आली तेव्हाही अण्णारावांनी आपल्या रीतीनं बघून घेतलं होतं. राजेश्वरी तेरखेड्याची. तिच्या वडिलांचा, सिद्धेश्वररावांचा, फटाक्यांचा लहानसा कारखाना होता. मुलगी हसतमुख, अंगानं भरलेली, कामाला चपळ. वर्षभर सगळं नीट चाललं. दुसऱ्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. उजवीकडं, खाली, बेंबीच्या बाजूला. जेवण झालं की कळ यायची, मग पळत जावं लागायचं. संध्याकाळी अंग गरम व्हायचं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

मुलगा शिवशंकर तिला एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथं सोनोग्राफी झाली, तोंडातून दुर्बीण टाकून झाली. कागद आले. अण्णारावांनी चष्मा लावून ते स्वतः वाचले, दोनदा. सगळं इंग्रजीत होतं, पण शेवटचा शब्द त्यांना चांगला वाचता आला. नॉर्मल.

तिथंच अण्णारावांच्या लेखी तो विषय मिटला. नमुना चांगला आला होता. मग दुखतंय कशाला?

आता ज्याचं उत्तर कागदात सापडत नाही ते माणसात शोधावं लागतं. अण्णाराव पडवीत बाजेवर बसत आणि संडासाकडं जायची वाट त्यांच्या समोरूनच होती. राजेश्वरी दिवसातून सहा-सात वेळा जाई. कधी आठ वेळा. जाताना हातात मोबाइल असे. ताटात वाढलेली भाकरी ती चिवडत बसे आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून अर्धी गाईपुढं टाकी. शेंगा, हरभरा, पालेभाजी असली की तिला हमखास भूक नसायची. भाताला मात्र तिची कधी ना नव्हती. भाकरी खाणाऱ्या घरात तिनं स्वतःपुरता तांदळाचा डबा वेगळा ठेवला होता.

"कामाचा कंटाळा हाय, दुसरं काय न्हाय," अण्णाराव कोंडाबाईंना म्हणाले. "भाकरी थापायला लागू नये म्हणून भात."

"आन् वाळत चाललीय ती?"

"मनात काय तरी हाय. माणूस मनानं वाळतं."

शिवशंकरला विचारायची सोय नव्हती. तो ढोकीच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. हंगाम चालू होता, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग तुटत नव्हती. पाळी संपवून घरी आला की तो आडवा व्हायचा. शिवाय त्याला विचारलं की तो म्हणायचा, "बाबा, तिला खरंच दुखतंय." पोरगं भोळं. पोत्याचं तोंड बघून सौदा करणारं.

एका दुपारी राजेश्वरी घरामागं धुण्याच्या दगडापाशी फोनवर बोलत होती. अण्णाराव भिंतीच्या अलीकडं शेवग्याच्या शेंगा बघत होते, म्हणजे बघायला थांबले होते.

"सगळं लिहून ठेवलंय गं," ती म्हणत होती. "तारखेनिशी. कुणाच्या हातचं, ते बी." मग थोडा वेळ नुसतं "व्हय, व्हय" झालं. मग आवाज खाली आला. "न्हाय, घरात कुणालाच दाखवलं न्हाय. मंगळवारी आधी त्यांनाच दाखवते. लिहिलेलं असल्याबिगर माझ्यावर कोण इस्वास ठेवणार?"

अण्णारावांच्या हातातली शेंग तशीच राहिली. तारखेनिशी. कुणाच्या हातचं. मंगळवारी त्यांनाच. हे 'ते' कोण, हे सांगायला त्यांना ज्योतिषी लागला नाही. बाजारातल्या एका हमालाच्या घरी असंच झालं होतं. सुनेनं वर्षभर गुपचूप लिहून ठेवलं आणि एक दिवस सगळं घर कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलं. चार वर्षं तो हमाल तारखांना जात होता. म्हातारी आई सुद्धा सुटली नाही.

त्या रात्री अण्णारावांना जेवण गोड लागलं नाही. आपण तिला कधी वेडंवाकडं बोललो का, हे ते आठवत राहिले. बोललो असू. पण लिहून ठेवण्यासारखं?

दोन दिवसांनी वही सापडली, तीही शोधायला न जाता. घरात कोणी नव्हतं. अण्णारावांनी सवयीप्रमाणं तांदळाच्या डब्यात हात घातला. वर तांदूळ स्वच्छ होता, म्हणून त्यांनी हात आणखी खाली नेला, आणि बुडाशी बोटांना प्लॅस्टिकची पिशवी लागली. पिशवीत शाळेच्या पोरांची असते तशी पातळ वही.

त्यांनी दाराला कडी घातली आणि चष्मा लावला.

'१ तारीख. आत्या. शेंगदाण्याची चटणी, भाकरी. ७.' पुढं लाल शाईचा टिपका. '२ तारीख. मामा. मक्याची कणसं. ९.' पुढं दोन लाल टिपके. '३ तारीख. भात, ताक. ३.' टिपका नाही. '५ तारीख. आत्या. मेथी. ८.' टिपका. '६ तारीख. शेजारच्या काकू. पेरू. ८.' टिपका. अशी पानंच्या पानं.

आत्या म्हणजे सासू. मामा म्हणजे सासरा, म्हणजे ते स्वतः. कणसं त्यांनी आणली होती हे खरं. आग्रह करकरून खायला लावली होती, हेही खरं. पण त्यासमोर नऊ हा आकडा कशाचा? आणि दोन लाल टिपके? ज्या दिवशी कोणाचं नाव नव्हतं त्या दिवशी टिपका नव्हता. नाव आलं की टिपका. गुन्ह्यांची यादी असते ती अशीच असणार. आकडा म्हणजे बहुधा कितवं कलम, कितवा अपराध.

वही त्यांनी परत ठेवली नाही. बंडीच्या आतल्या खिशात घातली.

"सून वही लिहिती आपल्यावर," संध्याकाळी ते कोंडाबाईंना म्हणाले.

"लिहू द्या की. तुमच्यावर लिहायचं म्हणलं तर दोनशे पानी पुरायची न्हाय."

"चेष्टा न्हाय, कोंडे. येळवसेला व्याही येणार हायत. त्यांच्याम्होरं वही काढतो. लेक घेऊन जा म्हणतो. मंगळवार उजाडायच्या आत."

कोंडाबाईंची चेष्टा मावळली. "लेकराचा संसार मोडतो का काय तुमी?"

"कोर्टात बसशील का या वयात?"

राजेश्वरी येळवसेपर्यंतच्या दोन दिवसांत तांदळाचा डबा तीनदा उपसताना दिसली. तिच्या तोंडाचा रंग उडाला होता. अण्णारावांनी ते बघितलं आणि आपली खूणगाठ पक्की केली. मनात चोर असल्याशिवाय माणूस इतका घाबरत नाही. खरं तर चोरी त्यांनी केली होती, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी कळंबच्या रस्त्यांवर शुकशुकाट असतो, सगळं माणूस शेतात. अण्णारावांच्या शेतात ज्वारी कमरेच्या वर आली होती. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे लहान खोपी, उभारली होती. तिच्यात पाच पांडवांचे दगड चुन्यानं रंगवून मांडले होते. पूजा झाली. शिवशंकर "ओलगे, ओलगे" म्हणत ज्वारीवर आंबील शिंपडत फिरला. त्यानं मुद्दाम सुट्टी काढली होती. मग पंगत बसली. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, गाडग्यातली आंबील.

भज्जी म्हणजे कांद्याची तळलेली भजी नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, पावट्याचे ओले दाणे आणि शेतात मिळेल तो पाला एकत्र शिजवून केलेली ती घट्ट भाजी. येळवसेला कोणाच्याही शेतात जावं, भज्जीला नाही म्हणू नये. नाही म्हणणं म्हणजे त्या शेताचं पीक नाकारणं.

सिद्धेश्वरराव जीप घेऊन आले होते. लेकीकडं बघून त्यांचा चेहरा पडला.

"लेकरू लई वाळलंय, अण्णाराव."

"खात न्हाय, पाव्हणं. वाढलेलं टाकून उठती. तुमीच बघा आज."

कोंडाबाईंनी राजेश्वरीच्या ताटात भज्जी वाढली. राजेश्वरीनं हात आडवा धरला. "आत्या, मी खीर घेते. भज्जी सोसत न्हाय मला."

"रिपोर्टात लिवलंय का, भज्जी सोसत न्हाय म्हणून?" अण्णाराव पंगतीच्या दुसऱ्या टोकावरून म्हणाले.

शेजारच्या शेतातून आलेली माणसं हसली. एकजण म्हणाला, "आमच्या बायकोला बी कामच सोसत न्हाय, डाक्टरला दाखवावं लागंल!" पुन्हा हशा झाला. शिवशंकर म्हणाला, "बाबा, राहू द्या की." पण सिद्धेश्वररावांनीच लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "खा बाई. येळवसेचं हाय. अंगाला लागंल."

राजेश्वरीनं एकदा वडिलांकडं बघितलं, एकदा सासऱ्याकडं. मग खाली मान घालून ती जेवली. ताट पुसून खाल्लं. अण्णाराव शेवटच्या घासापर्यंत बघत होते. आता पान खाऊन झालं की वही काढायची, एवढंच राहिलं होतं.

पान झालं नाही. उन्हं कलायच्या आधीच राजेश्वरी कोपेमागं जाऊन बसली. कळ येई, ती दुमडून जाई, कळ जाई, ती घामानं भिजून श्वास घेई, की पुन्हा येई. बायका जमल्या. कुणी म्हणालं अमावस्येची वेळ आहे, बाधा असेल, लिंबू उतरा. कोंडाबाईंनी लिंबू उतरलं. शिवशंकर गाडी काढा म्हणून ओरडत होता.

"थांबा जरा," अण्णाराव म्हणाले. "उतरंल. खाल्लेलं जिरायला येळ लागतो." मनात ते म्हणत होते, वही हरवलीय हे तिला कळलंय, आता बापासमोर हे सोंग.

घरातल्या मोठ्या माणसाचा शब्द. तासभर सगळे थांबले.

तासाभरानं तिला उलटी झाली, हिरवी, कडू वासाची. पुन्हा झाली. कोंडाबाईंनी तिला मांडीवर घेतलं, तेव्हा अण्णारावांना तिचं पोट दिसलं. लुगड्याच्या घडीखाली ते टम्म फुगलेलं होतं, तोंड शिवलेल्या पोत्यासारखं, आणि कातडीखाली काहीतरी वळवळत एका जागी येऊन थांबत होतं. सोंग घेणाऱ्या माणसाला सगळं करता येतं. हे करता येत नाही. एवढं तरी त्यांना कळलं.

"गाडी काढा," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही.

जीप लातूरच्या एका दवाखान्यात पोचली. दारातच एक नर्स धावत आली. ती ज्ञानेश्वरी, राजेश्वरीची तेरखेड्याची शाळेतली मैत्रीण. तिनं स्ट्रेचर ओढता ओढता विचारलं, "राजे, वही कुठंय? आणलीस का?"

"हरवली," राजेश्वरी म्हणाली. तिला बोलता येत नव्हतं.

पोटाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पोट दाबून बघितलं, नाकातून नळी घालायला सांगितली, हाताला सलाईन लावायला सांगितलं. "हिला किती दिवसांपासून त्रास आहे? काय खाल्लं की वाढतो? रक्त जातं का?"

घरच्यांनी एकमेकांकडं बघितलं. शिवशंकरला अर्धं माहीत होतं. सिद्धेश्वररावांना काहीच माहीत नव्हतं.

"मॅडम, तीच ही," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मंगळवारची वेळ घेतली होती तुमची. मीच तिला सांगितलं होतं, तोंडी सांगू नको, कुणी मनावर घेत न्हाय. दोन महिने सगळं लिहून आण. पण वही..."

अण्णारावांचा हात बंडीवर गेला होता. वही छातीला लागून होती. न काढली तर कोणाला कळणार नव्हतं. ती हरवलेलीच राहिली असती. त्यांनी खिशात हात घातला आणि वही डॉक्टरीणबाईंसमोर धरली.

राजेश्वरीनं ते बघितलं. नाकातली नळी, डोळ्यांत पाणी. वही कुठून निघाली हे तिला दिसलं. तिनं डोळे मिटले आणि मान भिंतीकडं वळवली.

डॉक्टरीणबाई पानं उलटत गेल्या. "छान लिहिलंय. आकडा म्हणजे दिवसातून किती वेळा जावं लागलं. लाल टिपका म्हणजे रक्त. दाणे आणि पाला खाल्ला की त्रास, मऊ भातावर कमी. आत कुठंतरी आतडं अरुंद झालं असणार. आज काय खाल्लं?"

"भज्जी," कोंडाबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

"आणि ही माणसांची नावं कशासाठी?"

ज्ञानेश्वरीलाही ते माहीत नव्हतं. ती वाकून राजेश्वरीच्या तोंडाशी कान घेऊन गेली. मग सरळ उभी राहिली आणि कोणाकडंच न बघता म्हणाली, "ज्यांना नको म्हणता येत न्हाय, त्यांची."

डॉक्टरीणबाईंनी वही मिटली आणि राजेश्वरीच्या उशाशी ठेवली.

तीन दिवस राजेश्वरीच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नाही. ऑपरेशन लागेल की काय याची धास्ती होती, पण अडकलेलं हळूहळू सुटलं. पोट उतरल्यावर डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना बोलावून सांगितलं की आता खालच्या बाजूनं दुर्बीण टाकायची आहे.

"दुर्बीण झालीय," अण्णाराव म्हणाले. "नॉर्मल आली व्हती."

"ती तोंडातून टाकली होती. जठर आणि त्याच्या थोडं पुढं, तेवढंच दिसतं. हिचं दुखणं पार खाली आहे. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथं."

अण्णारावांनी नळी धरल्यासारखी मूठ वळली. मग म्हणाले, "म्हंजे तोंडाशी बघितलं. बुडाशी बघितलंच न्हाय."

"अगदी तसंच."

चाळीस वर्षांत असा सौदा त्यांनी एकही केला नव्हता. दहा क्विंटल हरभऱ्यासाठी ते पोत्यामागं तीनदा नळी खुपसत होते. आणि घरातल्या माणसासाठी एक कागद, त्यावरचा एक शब्द. आपण काही विचारायला लायक आहोत का, असं त्यांना वाटून गेलं. तरी त्यांनी विचारलं. दुसरं काही त्यांना येतही नव्हतं.

"आता किती जागचा नमुना घेणार?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "आठ-दहा जागचा. खराब दिसतंय तिथला आणि चांगलं दिसतंय तिथलाही. कारण मला ज्या आजाराचा संशय आहे तो सलग नसतो. थोडं आतडं खराब, मग थोडं चांगलं, मग पुन्हा खराब."

"आन् त्यो नसला तर?"

"आतड्याचा टीबी असू शकतो. दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून घाई करायची नाही. या आजाराचं औषध टीबीत दिलं तर टीबी भडकतो. टीबीसाठी तुकडे वेगळे पाठवणार आहे."

"वेगळेच पाठवा," अण्णाराव म्हणाले. "आन् बाटल्यांवर नाव आमच्याम्होरं घाला."

शिवशंकरनं शरमेनं कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. "घालते. असे नातेवाईक मला आवडतात. फक्त आधी भेटायला हवे होते."

बारा दिवसांनी निकाल आला. टीबी नव्हता. क्रोन्स नावाचा आजार होता. अण्णारावांनी ते नाव कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि डॉक्टरीणबाईंना दाखवून बरोबर आहे का ते विचारलं.

"करणी-बिरणी तर न्हाय ना?" कोंडाबाईंनी विचारलं.

"नाही. कोणाच्या हातचं खाल्ल्यानंही झालेला नाही. शरीराची राखण करणारी एक फौज असते. ती बाहेरच्या जंतूंना सोडून आपल्याच आतड्यावर उठते. घरच्याच माणसावर संशय घेणारा पहारेकरी असतो ना, तसं."

कोंडाबाईंनी अण्णारावांकडं बघितलं. अण्णाराव छताचा पंखा बघत होते.

आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. एक गोळी लवकर आराम देणारी, ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत बंद करायची, एकदम नाही. दुसरी गोळी लांब पल्ल्याची, तिला लागू व्हायला दोन-तीन महिने लागतात. तिच्यासाठी सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. बरं वाटलं म्हणून काहीच सोडायचं नाही. एवढ्यानं भागलं नाही तर इंजेक्शनं आहेत. आतड्याची सूज उतरेपर्यंत दाणे, पाला, साली, बिया बंद. नंतर एकेक पदार्थ थोडा थोडा खाऊन बघायचा आणि वहीत लिहायचा. "हिला काय सोसतं ते हिचं पोट सांगेल," त्या म्हणाल्या. "घरातलं दुसरं कोणी नाही."

घरी आल्यावर राजेश्वरीनं वही लोखंडी पेटीत ठेवली. पेटीला कुलूप, किल्ली गळ्यात. शिवशंकरशी ती बोले, कोंडाबाईंशी बोले. अण्णाराव पडवीत आले की पदर सावरून आत जाई. शिवशंकरनं अण्णारावांच्या बाजेशेजारच्या फळीवर ठेवलेली गोळ्यांची पाकिटं तिनं उचलली आणि मोजून दुसरीकडं ठेवली. त्यांनी एकदा नुसतं तारीख बघायला पाकीट हातात घेतलं होतं, तर तिनं ते परत घेऊन पुन्हा मोजलं. अण्णारावांनी बाज पडवीतून उचलून घराच्या दुसऱ्या अंगाला नेली. तिथून संडासाची वाट दिसत नव्हती.

माघ संपत आला होता. एक दिवस कोंडाबाई नात्यात कुणाच्या तरी दहाव्याला गेल्या. शिवशंकर कारखान्यात. पहिली गोळी आणखी कमी केल्यापासून राजेश्वरीला दोन दिवस थकवा होता, ती पडून होती. अण्णाराव स्वयंपाकघरात शिरले. आयुष्यात त्यांनी चहापलीकडं काही केलं नव्हतं. भांडी दोनदा पडली. तासाभरानं ते ताट घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी आले. आत न जाता त्यांनी ते उंबऱ्याच्या आत सरकवलं.

राजेश्वरी उठून बसली. "आत्या न्हाईत का?"

"न्हाय. म्या केलंय."

ती ताटाकडं बघत राहिली. "काय घातलंय?"

"जुना तांदूळ. धुतलेली मुगाची डाळ. दुधी, साल काढून, बिया काढून. हिंग चिमूटभर, मीठ. तिखट न्हाय."

तिनं चमचा उचलला. कडेनं घातला, वर उचलला, बघितलं. मग मध्ये घातला. मग ताटाच्या बुडापर्यंत नेऊन खालचा भात वर काढला आणि बोटानं दाबून बघितला. कुठं अख्खा दाणा आहे का, साल राहिली आहे का. तिचं सगळं लक्ष चमच्यात होतं. सासऱ्याच्या तोंडाकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

अण्णाराव दारात उभे होते. आपण हात कधी मागं बांधले हे त्यांना कळलं नव्हतं. चाळीस वर्षं आपल्यासमोर जी माणसं उभी राहिली त्यांची तोंडं कशी होती, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. एकही आठवलं नाही.

राजेश्वरीनं पहिला घास घेतला. मग दुसरा. सावकाश चावत ती निम्म्या ताटापर्यंत आली आणि थांबली.

"बास, मामा. नको आता."

आणखी दोन घास घे, हे शब्द अण्णारावांच्या जिभेवर आले होते. ते त्यांनी गिळले आणि वाकून ताट उचललं.

तिनं गळ्यातली किल्ली काढून पेटी उघडली. पाठमोरी बसून ती वहीत लिहायला लागली. भात लिहिलं असेल, दुधी लिहिलं असेल. त्याच्या आधी आपलं नाव आहे की नाही, एवढंच अण्णारावांना बघायचं होतं. दारातून अक्षरं अंधुक दिसत होती. चष्मा बंडीच्या खिशात होता.

ते तसेच उभे राहिले, हातात निम्मं ताट धरून. चष्मा त्यांनी खिशातून काढला नाही.